टी-शर्टच्या पट्ट्यांची पिशवी लोंबते, बंद लांबत जातो: दोष कुठे आणि उपाय काय

विणून झाली त्या दिवशी पिशवी देखणी असते. टाके एकसारखे, तळ सपाट, बंद खांद्यावर नीट बसलेला. मग एका शनिवारी तिच्यात दोन किलो कांदे, किलोभर टोमॅटो, एक नारळ आणि कोथिंबिरीची जुडी पडते. दादरच्या मंडईतून निघताना कमरेशी असलेली पिशवी करी रोडला उतरेपर्यंत गुडघ्याला लागायला लागते. घरी येऊन भाजी काढली तरी ती वर जात नाही. बंद लांबलेला, तोंड वेडंवाकडं, तळ मधोमध लोंबलेला.

जुन्या टी-शर्टच्या पट्ट्या कापून क्रोशाची पिशवी विणणाऱ्या जवळजवळ प्रत्येकीची हीच तक्रार असते. लालबागला आमच्या चाळीत महिन्या-दोन महिन्यांनी कुणी ना कुणी अशी पिशवी घेऊन माझ्या दारात उभी राहते. माझ्याही पहिल्या चार पिशव्या अशाच गेल्या. तिसऱ्या पिशवीचा बंद मी मोजून वहीत लिहून ठेवला होता: विणला तेव्हा 56 सेंटीमीटर, तीन आठवड्यांनी 71. मी सुई बदलली, टाका बदलला, बंद दुप्पट रुंद केला. रुंद बंदही तसाच लांबला. दोष टाक्यात नव्हता. दोष पट्टीत होता, आणि जे ओझं पट्टीला पेलणारच नव्हतं ते मी तिच्या गळ्यात घालत होते.

आधी टी-शर्टचं कापड नीट बघा. एका जुन्या टी-शर्टचा तुकडा डोळ्याजवळ धरा, उजेडाकडे. साडीत उभे-आडवे धागे एकमेकांच्या वरून-खालून गेलेले दिसतात. टी-शर्टात तसं काही नसतं. फासात फास अडकवलेला, बारीक स्वेटरसारखा. मशीनवर विणलेला, एवढाच फरक. ओढलं की धागा लांबत नाही, फास उघडतो. आणि फास आडव्या अंगाने जास्त उघडतो. आता आपण पट्टी कशी कापतो? खालची शिवण काढून टाकतो आणि काखेपर्यंत गोल गोल कापत जातो, म्हणजे आडवीच. तशीच कापायला हवी, कारण आडवी पट्टी ओढली की तिच्या कडा आत वळतात आणि छान गोल दोरी होते. उभी कापली तर ती चपटीच राहते. म्हणजे सगळ्यात जास्त ताणणारी दिशा आपण आपणहून निवडतो, आणि त्या फासांच्या दोरीचे पुन्हा सुईने फास घालतो. दोन्हीकडचे फास उघडतात. कांदे तर निमित्त आहेत.

सगळे टी-शर्ट सारखे नसतात, हे दुसरं. आमच्याकडे जुन्या टी-शर्टांची ददात नाही. दहीहंडी झाली की गोविंदा पथकाचे, गणपती झाले की मंडळाचे, निवडणूक झाली की आणखी कुणाचे. एका मोसमात घालून झाले की ते कपाटाच्या तळाशी जातात, आणि बोहारणीलाही नको असतात. यातले बरेचसे चकचकीत, घसरत्या पॉलिएस्टरचे असतात. खेळाचे जाळीदार टी-शर्टही तसेच. त्यांची पट्टी बारीक होते, टाका घसरतो, पण ती पाणी धरत नाही. शुद्ध सुती टी-शर्टची पट्टी हाताला सगळ्यात गोड लागते. मात्र ती भिजली की जड होते आणि त्या वजनानेच खाली येते. तिसरा प्रकार लायक्राचा, म्हणजे अंगाला चिकटून बसणारा. तो ताणतो खूप आणि परतही जातो. पिशवीसाठी मला तो सर्वांत त्रासाचा वाटतो. का, ते पुढे सांगते.

छातीवरच्या मोठ्या छपाईचा भाग वेगळा काढा. जाड रंगाखालचं कापड वळत नाही, तिथे पट्टी चपटी राहते आणि पुढे रंगाचे टवके उडतात. तो भाग मी पिशवीत वापरत नाही, त्याचं पायपुसणं करते.

कोणती पट्टी किती लोंबणार, हे पिशवी विणायच्या आधीच कळतं. चार टाक्यांची, 20 सेंटीमीटर लांबीची छोटी पट्टी मुक्या खांबात (सिंगल क्रोशे, म्हणजे क्रोशाचा बुटका, घट्ट टाका) विणा. एक टोक दाराच्या कडीला बांधा, दुसऱ्या टोकाला पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली. बाटली म्हणजे साधारण एक किलो. रात्रभर टांगून ठेवा. सकाळी दोनदा मोजायचं: एकदा बाटली लटकलेली असताना, आणि बाटली काढून तासाभराने पुन्हा. पहिल्या मापावरून ती किती ताणते ते कळतं. दुसऱ्या मापावरून ती परत येते की नाही ते कळतं, आणि पिशवीच्या दृष्टीने तेच महत्त्वाचं. माझ्या एका सुती पट्टीचं पहिलं माप 26 आलं आणि दुसरं 23. म्हणजे एका रात्रीत, एका किलोला, तीन सेंटीमीटर कायमचे गेले. अशा पट्टीची पिशवी विणायला हरकत नाही. बंद विणायचा नाही.

बंदाचं ओझं साडीला द्या

शिंप्याने शिवलेली जाड कापडाची बाजारपिशवी घरात असेल तर उलटी करून बघा. तिचा पट्टा तोंडाशी संपत नाही. तो पिशवीच्या अंगावरून खाली उतरतो, तळाखालून जातो आणि दुसऱ्या बाजूने वर येतो. भाजीचं वजन पट्ट्यावर बसतं, पिशवीचं कापड फक्त भाजी सांडू देत नाही. आपण मात्र क्रोशाच्या पिशवीत बंद तोंडाच्या चार-सहा टाक्यांत अडकवतो आणि सगळं वजन त्या टाक्यांवर सोडतो. तोंड तिथेच ओढलं जातं आणि पाठोपाठ सगळं अंग खाली येतं.

म्हणून एक जुनी सुती साडी घ्या. विरलेली नको, हाताने ओढली तर कुरकुरणारी, जीव असलेली. माझे सासरे 1982 च्या संपापर्यंत गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात होते. मी पहिल्यांदा साडी पदराकडून आडवी फाडायला घेतली तेव्हा ते खुर्चीतून उठून आले. म्हणाले, "काठ धर आणि काठाच्या बाजूने उभी फाड. ताण्याच्या सुताला पीळ जास्त असतो, साच्यावर तेच ताण सोसतं. बाण्यावर ओझं टाकू नकोस." साडीची लांबी म्हणजे ताण्याची दिशा, आडवं सूत तो बाणा. काठाला समांतर फाडलेली पट्टी तुम्ही कितीही ओढा, फास नसल्यामुळे ती उघडायला जागाच नसते. तीच बाटली या पट्टीला टांगून बघा, मोजपट्टीवर जेमतेम फरक दिसतो.

साडी साधारण साडेपाच मीटरची. काठाला समांतर, चार-चार सेंटीमीटर रुंदीच्या तीन पट्ट्या फाडायच्या. कात्री फक्त सुरुवातीला खाच पाडण्यापुरती, पुढे हातानेच टरकन फाडत न्यायचं म्हणजे पट्टी सुताला सूत धरून सरळ येते. तिन्हींची घट्ट तिपेडी वेणी घाला, मुलीची शाळेची वेणी घालता तेवढी घट्ट. साडेपाच मीटरच्या पट्ट्यांची वेणी चार मीटरच्या आसपास भरते. पिशवी 32 सेंटीमीटर उंच, तळ 20 रुंद आणि दोन बंद प्रत्येकी 56 धरले, तर लागते 2 मीटर 80. उरलेली वेणी तोंडाच्या काठासाठी ठेवा.

वेणी बसवायची ती अशी: तळाखाली मधोमध सुरुवात, पुढच्या बाजूने वर, तोंडाबाहेर बंद, पुन्हा पुढच्याच बाजूने खाली, तळाखालून पलीकडे, मागच्या बाजूने वर, दुसरा बंद, पुन्हा खाली आणि सुरुवातीच्या टोकाला भेट. एकच अखंड फेरा. टोकं एकमेकांवर चार बोटं चढवून गोधडीच्या दोऱ्याने शिवा. गाठ मारू नका, ती तळाखाली टोचते आणि घासून सुटते. अंगावर वेणी शिवताना दर फेरीला एक टाका, धावदोऱ्यासारखा, पण विणीतून आरपार. तोंडाजवळच्या शेवटच्या दोन फेऱ्यांत मात्र उलटसुलट दोन-दोन टाके घाला. सगळ्यात आधी उसवतं ते तिथेच.

बंदाचा जो भाग बाहेर दिसतो त्यावर टी-शर्टच्या पट्टीने मुके खांब घालत जा. वेणी आत धरून, सुई वेणीखालून काढून. वेणी पूर्ण झाकली जाते आणि बंद पिशवीच्याच रंगाचा, खांद्याला मऊ लागणारा होतो. दिसतो टी-शर्टचा, ओझं घेते साडी. माझी अशी पहिली पिशवी गेली दोन वर्षं रोज वापरात आहे. परवा बंद मोजला: 57.

साडी मिळत नसेल आणि बंद टी-शर्टच्याच पट्टीचा करायचा असेल, तर तो आडवा विणू नका. पाच-सहा टाक्यांच्या पन्नास ओळी असा बंद सगळ्यात जास्त लांबतो. बंदाच्या पूर्ण लांबीची साखळी घाला आणि लांबीच्या दिशेने तीन-चार ओळी विणा. पिशवीला 8 मिलीमीटरची सुई असेल तर बंदाला 6 ची घ्या. शेवटी दोन्ही कडांना घट्ट स्लिप स्टिचची एक-एक ओळ. तरीही दोन किलोच्या पुढे त्याच्यावर भरवसा ठेवू नका. हलक्या वस्तू, डबा, छत्री, एवढ्यापुरता तो चांगला.

अंग लोंबत असेल तर अस्तर छोटं शिवा

बंद टिकला आणि तरी पिशवीचं पोट खाली येतंय, असं झालं तर आधी टाका बघा. उंच खांबाची वीण लवकर भरते, म्हणून मोह होतो, पण दोन खांबांमधली फट ओझ्याने मोठी होत जाते. भाजीच्या पिशवीला मुका खांबच.

अस्तर लावत असाल तर बहुतेक जणी ते पिशवीच्या मापाचं शिवतात. ते उंचीला दीड सेंटीमीटर कमी शिवा. मग वस्तू अस्तरावर टेकतात आणि वीण मोकळी राहते. अस्तर बरोबर मापाचं किंवा ढगळ असेल तर वीण आधी लांबते आणि मग अस्तराला वजन लागतं, तोवर उशीर झालेला असतो. अस्तराला मांजरपाट उत्तम. जुन्या पँटचं कापडही चालतं. टी-शर्टचंच अस्तर लावलेली एक पिशवी माझ्याकडे दुरुस्तीला आली होती, बाहेर-आत दोन्ही सारखंच लोंबलेलं.

रात्री सपाट, सकाळी वाटी

ही तक्रार वेगळी वाटते, पण मूळ तेच. तळ विणून टेबलावर ठेवला तेव्हा सपाट होता, सकाळी त्याच्या कडा उचलल्या गेल्या. टाके मोजले तर बरोबर. मग?

मग पट्टी आठवा. कापलेली पट्टी आपण ओढून ओढून गोल करतो आणि लगेच घट्ट गुंडा गुंडाळतो. पट्टी ताणलेल्या अवस्थेतच गुंड्यात अडकून पडते, तशीच सुईवर येते, आणि विणून झाल्यावर निवांत मूळ लांबीवर परत जाते. तळ आक्रसतो, कडा उठतात. लायक्रा असेल तर फारच. म्हणून मी म्हटलं, तो त्रासाचा. पट्टी ओढून झाली की तिची सैल लड करा आणि एक रात्र खुंटीला टांगा. सकाळी सैल हातानेच गुंडा करा, तळहातात दाबला तर दबला पाहिजे.

टाक्यांचा हिशोब कधी कधी खरोखर चुकतो, तोही सांगून टाकते. मुका खांब जवळजवळ जेवढा रुंद तेवढाच उंच असतो. प्रत्येक फेरीने वर्तुळाची त्रिज्या एका टाक्याने वाढते, म्हणजे घेर 6.28 टाक्यांनी वाढायला हवा. म्हणून प्रत्येक फेरीत सहा टाके वाढवतात: 6, 12, 18, 24, 30. पण जाड पट्टीचा टाका कुणाच्या हातात उंच पडतो, कुणाच्या बसका. उंच पडत असेल तर सहाने वाटी होते, सात वाढवा. झालर पडायला लागली तर एखादी फेरी न वाढवता घाला. आकड्यापेक्षा टेबलावर ठेवून बघणं खरं. आणि दोन-तीन वेगवेगळे टी-शर्ट एका तळात घेऊ नका. एकाची पट्टी जाड, दुसऱ्याची बारीक निघते आणि हिशोब बरोबर असूनही तळ वेडावाकडा होतो. मोठ्या मापाच्या एका टी-शर्टमधून अडीच सेंटीमीटर रुंदीची सतरा-अठरा मीटर पट्टी निघते, मध्यम पिशवीच्या तळाला तेवढी पुरते. पुढे अंगाला रंग बदला.

गोल गोल न थांबता विणत गेलं की टाके हळूहळू एका बाजूला सरकत जातात. तळाशी लावलेली खूण वर येईपर्यंत दोन-तीन टाके बाजूला गेलेली असते. म्हणून बंदाची जागा तळावरून मोजू नका. अंग पूर्ण झाल्यावर पिशवी सपाट घडी घालून, दोन्ही बाजूंना सेफ्टी पिन लावून ठरवा. नाही तर पिशवी खांद्यावर फिरत राहते.

दुधाच्या पिशव्यांच्या पट्टीबद्दल

2018 साली राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हापासून दुधाच्या रिकाम्या पिशव्या कापून विणणाऱ्या वाढल्या आहेत, आणि लांबण्याची तक्रार तिथेही आहे. ते पॉलिथिन ओझ्याखाली सावकाश लांबत जातं आणि अजिबात परत येत नाही. त्यामुळे बंदाला प्लास्टिक नकोच, तिथेही साडीची वेणी घाला. वास येत असेल तर तो सांध्यात अडकलेल्या सायीचा असतो. पिशवी आधी पूर्ण उघडून, कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाने धुवा, मग कापा.

आणि प्लास्टिकची विणलेली पिशवी गॅलरीत उन्हात टांगून ठेवू नका. उन्हाने पॉलिथिन ठिसूळ होतं आणि त्याचा भुगा पडायला लागतो. तो भुगा वाऱ्याने गटारात जातो. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलीमीटर पाऊस पडला, त्या पावसात तुंबलेल्या गटारांतून प्लास्टिकच्या पिशव्या उपसताना मी आमच्या गल्लीतली माणसं पाहिली आहेत. आपण कचरा वाचवायला विणतो, मग त्याचा चुरा करून परत गटारात सोडायचा नाही.

आधीच लोंबलेली पिशवी वाचवायची असेल तर

उसवून टाकू नका. बहुतेक पिशव्या वाचतात. बंद तेवढे उसवा. पिशवी धुवा, पण ओली असताना उचलून टांगू नका, ओलं वजनच तिला आणखी खाली आणतं. जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून दाबून पाणी काढा, चटईवर सपाट पसरा आणि हातानेच कडेकडून आत सरकवत मूळ मापाला आणा. पावसाळ्यात पंख्याखाली दोन दिवस, मधून एकदा उलटून. पूर्ण सुकल्याशिवाय पुढचं काम करू नका. ओलसर पट्टीवर अस्तर लावलं की आत कुबट वास धरतो, तो धुऊनही जात नाही.

सुकल्यावर तोंड आवळायचं. उरलेली साडीची वेणी, किंवा 5 मिलीमीटर जाडीची सुती दोरी, तोंडाच्या मूळ घेराएवढी कापा आणि तिचा गोल शिवून घ्या. नायलॉनची नको, ती स्वतःच ताणते. तो गोल काठावर धरून, 6 च्या सुईने त्याच्यावरून मुक्या खांबांची एक फेरी घाला. पसरलेलं तोंड त्या फेरीतच मापात येतं. टाके जास्त वाटले तर दर आठव्या घरात दोनांचा एक करा. मग नवी वेणी वर सांगितल्याप्रमाणे तळाखालून फिरवा, आणि पहिल्याच दिवशी कांदे न भरता एक लिटरच्या दोन बाटल्या घालून रात्रभर कडीला टांगा. सकाळी बंद मोजून तारखेसह वहीत लिहा.